पाणी धरणारा पंखा

आमच्या घरात ‘पंखा’ म्हटलं की छताकडे कुणी बघत नसे. छताला पंखा होता, चालताना कुरकुरायचाही, पण आमचा पंखा म्हणजे बाबांच्या तळहातावर मावणारा, दोन पात्यांचा, पितळेचा, होडीच्या शेपटीला बसणारा. होडी तीन फुटांची, लाकडाची. तिच्या पोटात मुठीएवढं इंजिन, आणि काठावर उभं राहून हातातल्या रेडिओच्या पेटीवरून ती वळवता यायची. तिला कुणी खेळणं म्हटलेलं बाबांना खपायचं नाही. “शर्यतीची होडी म्हणा,” ते म्हणायचे, आणि म्हणणारा पाहुणा वयानं मोठा असला तरी त्याची दुरुस्ती केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

होडी आमची नव्हती. ती ठाण्याजवळच्या बाळकुमच्या दामूकाकांची. दामूकाकांचे वाडवडील मिठागरात राबलेले. पुढे जमिनीला भाव आला, काही जमीन विकली गेली, आणि चाळिशीतल्या दामूकाकांना आयुष्यात पहिल्यांदाच हौस नावाची गोष्ट परवडायला लागली. त्यांच्या आखातातल्या मेव्हण्यानं इंजिन आणि रेडिओ आणून दिला होता. त्याच्याबरोबर आलेला परदेशी पंखा पहिल्याच महिन्यात दगडाला लागून वाकला. तो सरळ करून घ्यायला ते कुणाच्या तरी ओळखीनं बाबांना शोधत आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडी आले. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, साचे-हत्यारं घडवणाऱ्या खात्यात होते. त्यांनी तो पंखा उजेडात धरला, पात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा राहू दे. मी नवा करून देतो.” त्या वाक्यानं आमच्या घराची सहा-सात वर्षं खाल्ली.

दोन खोल्या आणि गॅलरी. गॅलरीच्या कठड्याला लागून जाड फळी ठोकून तिच्यावर बाबांनी काम घट्ट धरायचा लोखंडी व्हाइस बसवला होता. फळीखाली आईच्या कांद्यांची टोपली. पितळेचा बारीक कीस वाऱ्यानं आत येई आणि आई तांदूळ निवडताना दोनदा पाखडून घेई. “एक दिवस सगळ्यांच्या पोटात होडी सुटेल,” ती म्हणायची. चारच्या सुमारास पाणी येई, तेव्हा सगळ्या इमारतीत बादल्यांचा आवाज. खालच्या मजल्यावरच्या बाई पेटी शिकवायच्या, त्यांच्या विद्यार्थिनींचा सा लागायचा आणि सुटायचा. या सगळ्याच्या वर, संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले की, कानशीचा आवाज. सर्र, थांबा, सर्र, थांबा. त्या आवाजात मी अभ्यास केला, त्याच आवाजात आई कुळथाची पिठी ढवळायची आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाचा वास घरभर व्हायचा. आज नौपाड्यातल्या माझ्या घरात इतकी शांतता आहे की कधीकधी मीच उगाच टीव्ही लावून ठेवते.

पंख्याचं शास्त्र मला बाबांनी बारा-तेराव्या वर्षी सांगितलं, ते स्क्रू दाखवून. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जसा थोडा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात जेवढा पुढे सरकेल तो त्याचा पिच. पिच जास्त ठेवला तर इंजिनाला ओझं होतं, ते घुसमटतं. कमी ठेवला तर ते नुसतं किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. “पंख्यानं पाणी धरलं पाहिजे,” ते म्हणायचे. “फाडता कामा नये.” पात्याची पुढची कड दाढी होईल इतकी धारदार हवी. मागच्या कडेला अगदी किंचित मुरड हवी, नखाला जाणवेल पण डोळ्याला दिसणार नाही एवढी. दोन्ही पाती वजनाला सारखी हवीत. त्यासाठी साबणाच्या वडीत दाढीची दोन ब्लेडं उभी खोचायची, पंख्यातून सळई घालून ती त्या ब्लेडांच्या धारेवर आडवी ठेवायची. जे पातं जड ते हळूच खाली जाई. मग त्याच्या पाठीवरून कानशीचे दोन हात, पुन्हा ब्लेडांवर. पंखा कुठेही ठेवला तिथेच थांबला म्हणजे जमला. एकेका पंख्याला तीन-तीन आठवडे लागायचे, आणि बाळकुमच्या खाजणातल्या खाडीच्या पाण्यात रविवारी तो लावला की पाच मिनिटांत कळायचं, तो ठेवायचा की मोडीत टाकायचा. बाबा होडीकडे बघत नसत. पाठ करून उभे राहत आणि ऐकत.

मी चौदा वर्षांची असताना कानशीचा आवाज बदलला. सर्र आणि थांबाच्या मध्ये एक बारीकशी थरथर येऊ लागली. मी पुस्तकातून मान वर केली. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा, कानस उचललेली असताना, आपल्याआपण हलत होता, जशी कुणी न दिसणारी गोळी दोन बोटांत मळत असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात खिशात घातला आणि म्हणाले, “शुभा, जरा इकडे ये. हे पातं तू घास बघू.”

तेव्हापासून मी घासू लागले. त्यांनी मला कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टूलरूममधल्या माणसाचा हात थरथरतो हे कारखान्यात कळलं तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आईला हे ठाऊक नाही असं आम्ही दोघं धरून चाललो. बाबा शेजारी स्टुलावर बसून सांगायचे आणि मी करायची. “दाबू नको. कानशीला तिचं वजन आहे.” मुरड घालायला मात्र मला शिकवावं लागलं नाही. दर दिवाळीला आईबरोबर करंज्यांना मुरड घालून बोटांना ती सवय होती, फक्त इथे पीठ नव्हतं, पितळ होतं. चार-सहा महिन्यांत माझे पंखे होडीला लागू लागले. दामूकाकांना वाटे ते बाबांचेच. बाबाही काही बोलत नसत. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, खरंच नव्हतं. उलट आमच्या दोघांत एक गुपित आहे याचा मला अभिमान होता.

मग वर्षातली मोठी शर्यत आली. ठाण्याला, उपवन तलावावर. मुंबईची दोन मंडळं, कल्याणची एक होडी, आणि आमची. तिच्या महिनाभर आधी बाबा म्हणाले, “या खेपेचा पंखा मी करणार.” मी म्हटलं, “मी घासते ना.” “मी करणार म्हटलं ना.” आवाज चढला नव्हता, पण आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

महिनाभर ते रोज संध्याकाळी बसले. डाव्या हातानं उजवं मनगट धरून घासायचे. मला गॅलरीत येऊ देत नसत. शुक्रवारी त्यांनी पंखा फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवला आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवले. शनिवारी ते कामावर गेल्यावर मी डबी उघडली. नुसतं बघायचं होतं. साबणाच्या वडीवर ठेवला तर एक पातं सरळ खाली गेलं. नख फिरवलं. एका पात्याची मुरड अर्ध्यातच संपली होती, दुसऱ्याची कड एका जागी जाड राहिली होती आणि तिथे कानशीचे वेडेवाकडे ओरखडे होते. टूलरूममधल्या शिकाऊ उमेदवारानंही असं काम दाखवायला आणलं नसतं. मी तो हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. दुरुस्त करायला घेतला असता, पण ओरखडे खोल होते, घासत गेले तर पातं पातळ होऊन गेलं असतं. माझा स्वतःचा एक पंखा होता, त्याच मापाचा, दोन आठवड्यांपूर्वी बाळकुमला चालवून पाहिलेला. तो मी फडक्यात गुंडाळून डबीत ठेवला. बाबांचा रुमालात बांधून माझ्या वह्यांच्या मागे सरकवला. मला वाटलं, मी त्यांची लाज राखते आहे.

रविवारी सकाळी आई घरी राहिली, बाबा आणि मी तलावावर गेलो. पंखा बसवायचं काम नेहमी माझ्याकडेच असे, कारण होडीच्या मागच्या बाजूला माझी बोटं सहज शिरत. त्यामुळे बाबांच्या हातात तो आलाच नाही. दामूकाकांनी दोरी ओढून इंजिन चालू केलं. इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा तो जळका वास, अजून कुठे एरंडेलाची बाटली उघडली तरी मी उठून खिडकीशी जाते. होडी पाण्यात सोडायचं काम दामूकाकांच्या पुतण्याचं, तोच ती दोन्ही हातांनी धरून काठावर वाके. पहिल्या फेरीत आमची होडी सुटली ती पाण्यावर टेकलीच नाही जणू. मागे पांढऱ्या तुषारांची कमान. पाण्यात तरंगत ठेवलेल्या लाल डब्यांना वळसे घालून ती कल्याणच्या होडीच्या चांगली पुढे आली. लोक ओरडत होते. बाबा नेहमीप्रमाणे पाठ करून उभे होते.

फेरी संपल्यावर ते माझ्याजवळ आले. “शुभा, हा पंखा कुठला?”

“तुमचाच.”

“बाळकुमला तुझा चालवला होता, तो असाच वाजला होता.”

“तुम्हीच शिकवलंत ना मला,” मी म्हटलं. “मग सारखेच वाजणार.”

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी नजर हलवली नाही. पन्नास वर्षं होत आली, इतकी सराईत थाप मी पुन्हा कधी मारली नाही. मग त्यांनी आपला उजवा हात वर करून स्वतःच पाहिला, मागून-पुढून, जसा कुणी हरवून सापडलेला चष्मा पाहावा. आणि हसले. वर्ष-दीड वर्षात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. मला वाटलं, बघा, काही बिघडलं नाही.

शेवटच्या फेरीला ते पुतण्याला म्हणाले, “सरक. आज मी सोडतो.”

दामूकाका म्हणाले, “मिस्त्री, कशाला उगाच? पोरगा सोडतो ना.”

“माझा पंखा आहे, दामू. मी सोडतो.”

“बरा. पन मागं हात नेव नका, फार धारेचा हाय.”

मी तीन पावलांवर होते. मला बोलता आलं असतं. “बाबा, नको,” एवढे दोन शब्द. पण ते म्हटले तर का म्हणून विचारतील, आणि का ते सांगितलं तर ते हसू जाईल, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात चालला होता, आणि तेवढ्यात इंजिन पेटलं. बाबांनी होडी दोन्ही हातांनी उचलून धरली. ती त्यांच्या हातात थडथडत होती, आणि मला दिसलं की ती थरथर सगळीच इंजिनाची नव्हती. उजवा हात लाकडावरून मागे, पंख्याकडे सरकला. त्यांनी तो पुढे आणायचा प्रयत्न केला, ओल्या लाकडावर पकड बसेना. आवाज आला नाही फारसा. इंजिनाचा सूर क्षणभर खाली गेला, एवढंच. मग होडी पाण्यात उलटी पडली आणि बाबा काठावर बसले, आपला हात दुसऱ्या हातात घेऊन.

मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. दामूकाकांनी आपल्या अंगातला सदरा काढून हात बांधला. रिक्षात ते बाबांना सारखे सांगत होते, “काय नाय व्हनार, मिस्त्री, काय नाय व्हनार.” मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर डॉक्टर बराच वेळ तो बँडेजमधला हात बघत राहिले. उशीवर टेकवलेला असूनही तो हलत होता. “हे जखमेमुळे नाही,” ते म्हणाले. “कधीपासून आहे?”

बाबा भिंतीकडे बघू लागले. उत्तर दिलं आईनं. ती डोंबिवलीहून धावतपळत आली होती, साडीच्या पदराला पिठाचे हात पुसलेले तसेच. “दीड वर्ष झालं,” ती म्हणाली. “मी यांना कप अर्धाच भरून देते. सांडायला नको म्हणून.”

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. दीड वर्ष बाबा अर्धा कप चहा पीत होते, आणि आम्ही दोघंही समजत होतो की तिला दूध पुरवून वापरावं लागतं.

कारखान्यानं त्यांना टूलरूममधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्ट मोजून द्यायचे, आले की लिहून घ्यायचे. पण ते पुढे. त्याआधी महिनाभर ते घरी होते. गॅलरीतला आवाज बंद झाला. खालची पेटी फार स्पष्ट ऐकू येऊ लागली. भेटायला माणसं यायची. कारखान्यातले, इमारतीतले, होड्यांवाले. बाबा डाव्या हातानं चहा घ्यायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, “बोटं गेली ती माझ्या चुकीनं. पण पंखा माझा होता हं. पहिल्या फेरीत ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.” मी बशी-कप उचलायला आत-बाहेर करायची आणि दर खेपेला ते वाक्य ऐकायची. रात्री काय, दिवसा काय, मला ते वाक्य ऐकू यायचं. माझ्या थापेवर विश्वास ठेवून त्यांनी होडी उचलली, आणि आता त्यांच्याजवळ तेवढीच एक थाप उरली होती. ती काढून घेऊ की ठेवू देऊ, मला ठरवता येईना. आईला सांगावं असं वाटलं, पण तिचं तोंड पाहिलं की धीर व्हायचा नाही.

शेवटी ठरवायची वेळ त्यांनीच आणली. दामूकाका होडीतला पंखा काढून घेऊन आले होते. ते गेल्यावर बाबा म्हणाले, “शुभा, हा नमुना म्हणून ठेवू. याची मापं कागदावर उतरून घे. पुढचे सगळे यावरून करू. माझ्या हाताचा शेवटचा आहे, पण चांगला झाला.”

मी आत गेले. वह्यांच्या मागून रुमाल काढला, बाहेर आले आणि गाठ सोडून त्यांचा पंखा माझ्या पंख्याशेजारी ठेवला. त्यांनी डाव्या हाताच्या नखानं त्याची कड चाचपली. जाड जागेशी नख थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच थांबलं. मग ते उठले, आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावले असते, मारलं असतं तरी मला चाललं असतं. आईनं एकदाच विचारलं, “काय केलंस तू?” मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, तव्यावरची भाकरी करपेपर्यंत. मग म्हणाली, “मीही तेच करत होते,” आणि करपलेली भाकरी आपल्या ताटात घेतली. आज मला कळतं की त्या घरात आम्ही दोघी त्यांना सांभाळत होतो आणि दोघींनी मिळून त्यांना आंधळं केलं होतं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की बाबा माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

नवव्या दिवशी, रविवारी, ते शर्ट घालून उभे राहिले. “चल, बाळकुमला.”

दामूकाकांच्या ओटीवर ते बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “दामू, शर्यतीतला पंखा हिचा होता. त्याआधीचे वर्षभराचेही हिचेच. मी तुला सांगितलं नाही.” दामूकाका माझ्याकडे बघत राहिले. “पोरी, तुजा?” मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तो माझा मान होता की मला दिलेली शिक्षा, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांनाही ते तसं वेगळं करता आलं असतं असं वाटत नाही.

मग ते म्हणाले, “होडी काढ. माझा पंखा लाव.”

“मिस्त्री, जाव दे ना आता.”

“लाव.”

मी लावला. पुतण्यानं होडी सोडली. बाबांनी पाठ केली. होडी हादरत निघाली, नाक उचलेना, इंजिन मध्येच किंचाळायचं, मध्येच दबायचं. दामूकाकांनी एका वळशातच तिला परत आणायला घेतली, तर बाबा न वळता म्हणाले, “पूर्ण टाकीभर चालू दे.” सात-आठ मिनिटं असेल. त्या माणसानं ती सात-आठ मिनिटं खाजणाच्या बांधावर उभं राहून पूर्ण ऐकली. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. इंधन संपलं, इंजिन बंद पडलं, पलीकडच्या तिवरांतले पक्षी पुन्हा बोलू लागले. आता तिथे सव्वीस मजल्यांच्या इमारती आहेत. माझा भाचेजावई त्यातल्या एकीत राहतो, आणि त्याचा मुलगा घरबसल्या फोनवरून होडीचे पंखे मागवतो, पाकिटावर माप छापलेले.

दामूकाकांच्या घरच्यांनी जेवायला थांबा म्हटलं. तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी. बाबा नको म्हणाले नाहीत. डाव्या हातानं हळूहळू जेवले, भाकरीचा तुकडा मोडता येईना तेव्हा ताट माझ्याकडे सरकवलं. मी तुकडे करून दिले.

परतताना आम्ही खाडीच्या रस्त्यानं चालत निघालो. ऊन होतं. चालता चालता ते म्हणाले, “त्या पंख्यात काय काय चुकलं होतं? नीट सांग.”

“बाबा, थोडंसंच...”

“थोडंसं नको. टूलरूममध्ये काम नापास करतात तसं सांग.”

मी खाली बघत सांगायला सुरुवात केली. एका पात्याची मुरड अर्ध्यावर संपलीय. दुसऱ्याची मागची कड मध्यावर जाड आहे. दोन्हींचा पिच सारखा नाही. ते चालत होते, प्रत्येक चुकीला मान हलवत होते. मी मध्येच थांबले.

“आणखी?” बाबा म्हणाले.

मी डोळे पुसले आणि पुढची चूक सांगितली.